दोरी वापस जाऊन नाही राहिली: रिकॉइलची स्प्रिंग पुन्हा पुन्हा का तुटते

जुलैमध्ये पावसानं चार दिवस उघाड दिली की माझ्या दुकानासमोर गर्दी होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वीतभर झालेली असते, तण तिच्याही वर गेलेलं असतं, डवऱ्याला बैलजोडी फार कमी घरांत उरली आहे आणि प्रत्येकाला पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं इंजिनाचं यंत्र, आजच चालू करून पाहिजे. येणारा माणूस मशीन आणत नाही. थैलीतून इंजिनाचं फक्त पुढचं झाकण आणतो, ज्याला आपण रिकॉइल म्हणतो: यातली दोरी ओढली की इंजिन चालू होतं आणि आतली स्प्रिंग दोरी परत आत ओढून घेते. ते टेबलावर ठेवतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "भाऊ, दोरी वापस जाऊन नाही राह्यली. स्प्रिंग टाकून द्या लवकर, बाहेर गाडी उभी हाय."

अनेक वर्षं मीही तेच करत आलो. स्प्रिंग टाकायची, पैसे घ्यायचे, पुढचा गिऱ्हाईक. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात पाच ते सात एचपीचे पेट्रोल वीडर, पाण्याचे पंप आणि पाठीवरचे फवारणी पंप इतके झाले आहेत की नुसत्या रिकॉइलवर एक माणूस पावसाळाभर पुरेल. पण एका काकांनी मला माझीच चूक दाखवून दिली, तिथूनच सुरुवात करतो.

त्यांच्या वीडरची स्प्रिंग पेरणीनंतर पहिल्यांदा तुटली. मी नवी टाकली. पंधरा-वीस दिवसांत ती गेली. तेव्हा मी म्हणालो, माल हलका आला असेल, आणि दुसऱ्या दुकानातून चांगली मागवून बसवली. पोळ्याच्या आधी काका पुन्हा हजर. या वेळी बोलणं तिखट होतं. "काहून रे बाप्पा, दरवेळी माह्याच मशीनची काहून तुटते? तुले बसवता येते का नाही?" राग आला, पण प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, काका, उद्या झाकण नका आणू, अख्खं मशीन आणा आणि तुम्हीच चालू करून दाखवा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा वीडर घेऊन आला. मी स्टुलावर बसून मोजत गेलो. सत्ताविसाव्या झटक्याला इंजिन चालू झालं. प्रत्येक झटका दोरी संपेपर्यंत, शेवटी खाडकन आवाज, आणि मग मूठ तशीच हातातून सोडून दिलेली. "रोज असंच?" विचारलं तर पोरगा म्हणतो, "सकाळी अन् जेवल्यावर. थंडं झालं का असंच करते."

आता हिशेब करा. सत्तावीस झटके, दिवसातून दोनदा, वीस दिवस: १०८० झटके. नीट चालणारं इंजिन दोन-तीन झटक्यांत सुरू होतं, म्हणजे तेवढ्याच दिवसांत ऐंशी ते एकशेवीस. जी स्प्रिंग तीन-चार हंगाम चालली असती ती वीस दिवसांत संपली. मालात खोट नव्हती. कार्बोरेटरचा आयडल जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बंद होता आणि एक्झॉस्टचा टॅपेट, म्हणजे धुराचा व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाची फट, ढिला होता. टॅपेटचं काय ते पुढे सांगतो, कारण तीच गोष्ट सगळ्यात जास्त लोकांच्या लक्षात येत नाही.

आधी हे ठरवा की गडबड स्प्रिंगचीच आहे का. "दोरी खराब" या एका शब्दात चार वेगळी दुखणी असतात.

दोरी बाहेर लोंबते, ओढली तरी आतून ताण लागत नाही, दोरी जिच्यावर गुंडाळते ती चकरी हातानं फिरवली तर मोकळी फिरते: स्प्रिंग तुटली किंवा तिचा आकडा, म्हणजे वळवलेलं टोक, खाचेतून सुटला. यात खोलल्याशिवाय इलाज नाही.

दोरी परत जाते, पण अर्ध्यात थांबते आणि शेवटचा हातभर तुकडा हातानं ढकलावा लागतो: बहुतेक वेळा स्प्रिंग शाबूत असते. आत माती भरलेली असते, किंवा कुणी दोरी बदलताना जाड दोरी घातलेली असते, किंवा स्प्रिंगला सुरुवातीचा पीळ कमी दिलेला असतो. झाकण कुठे आपटून आत दबलं असेल तर चकरी त्याला घासते, तेही पाहा.

दोरी फुर्रकन बाहेर येते, परत जाते, पण इंजिन फिरतच नाही: स्प्रिंगचा काही संबंध नाही. चकरीवरचे कुत्ते, म्हणजे ते बाहेर येऊन मॅग्नेटवरच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावरच्या) कपाला पकडणारे दात, चिखलानं किंवा वाळलेल्या ग्रीसनं अडकलेले असतात, नाहीतर झिजलेले. धुऊन, पुसून बघा. ऑइल घालू नका, धूळ चिकटते आणि दोन दिवसांत पुन्हा तेच.

चौथं, दोरी ओढलीच जात नाही, दगडासारखी. इथे जोर लावू नका. तीन बोल्ट काढून झाकण वेगळं करा आणि हातात धरून दोरी ओढा. आली तर रिकॉइल बरोबर आहे, इंजिन अडकलं आहे. वीडर टेम्पोत आडवा टाकून आणला असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल उतरतं आणि पिस्टन वर जाऊ शकत नाही. प्लग काढा, प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका, दोरी हळू ओढून ऑइल बाहेर काढा, प्लग पुसून लावा. सुरू झाल्यावर पाच मिनिटं पांढरा धूर देईल, घाबरायचं कारण नाही. मागच्या वर्षी एकानं अशा अडकलेल्या इंजिनाची दोरी दोघांनी मिळून ओढली होती. दोरी तुटली, स्प्रिंग तुटली, चकरीची कडसुद्धा गेली. काम होतं प्लग काढायचं.

आता खोलायचं. घाई असेल तर नका खोलू, हे मनापासून सांगतो. स्प्रिंग म्हणजे पोलादाची चपटी पट्टी, बोटाच्या नखाएवढी रुंद, कित्येक वेटोळ्यांत दाबून बसवलेली. तिची धार पात्यासारखी असते. माझ्या डाव्या अंगठ्यावर चार टाक्यांची खूण आहे, ती दुकान सुरू केल्याच्या पहिल्याच वर्षीची. चष्मा पाहिजेच, मोटारसायकलवर धुळीसाठी लावतो तो साधा चष्मासुद्धा चालेल. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. लहान लेकरं बाजूला. आणि सगळ्यात आधी प्लगची टोपी काढून ठेवा, पेट्रोलचा कॉक बंद करा.

बहुतेक वीडरना आणि पंपांना जे इंजिन असतं त्यावर १६८एफ किंवा १७०एफ असं लिहिलेलं दिसतं. यातला पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, पुढचे दोन आकडे म्हणजे मिलिमीटरमधला बोअर, सिलिंडरचा आतला व्यास, एफ म्हणजे हवेनं थंड होणारं. हे सांगायचं कारण असं की दुकानात स्प्रिंग मागताना "सात एचपीची द्या" म्हणून चालत नाही, हा नंबर सांगा. त्याहून चांगलं म्हणजे जुनी तुटलेली स्प्रिंग, तिचे सगळे तुकडे, सोबत न्या. रुंदी जुळली पाहिजे आणि दोन्ही टोकांचे आकडे जुळले पाहिजेत. दिसायला सारख्या असलेल्या दोन स्प्रिंगांचे आकडे उलटसुलट असू शकतात.

झाकणाचे बोल्ट आठच्या किंवा दहाच्या पान्यानं निघतात. झाकण काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा: मूठ कोणत्या बाजूला आहे ते. ही झाकणं तीनही दिशांनी बसतात, आणि मूठ चुकीच्या बाजूला आली की पुढे वर्षभर दोरी तिरपी ओढली जाते. झाकण उलटं केल्यावर दुसरा फोटो. मधला बोल्ट काढून टोपी उचलल्यावर तिसरा. कुत्ते, त्यांच्या बारीक स्प्रिंगा, टोपी, हे ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं थाळीत ठेवा. मी तर जुन्या स्टीलच्या ताटात ठेवतो, मातीत पडलेली बारीक स्प्रिंग संध्याकाळपर्यंत सापडत नाही.

स्प्रिंग अजून जिवंत असेल, म्हणजे ताण असेल, तर आधी तो उतरवा. दोरी फूटभर बाहेर ओढा, चकरी अंगठ्यानं दाबून धरा, चकरीच्या कडेला जी खाच असते त्यातून दोरीचा फास वर काढा आणि चकरी हळूहळू उलटी फिरू द्या. एकदम सोडू नका. ताण संपला की मगच मधला बोल्ट.

चकरी उचलण्याची वेळ सगळ्यात वाईट. स्प्रिंग खाली, झाकणाच्या खोबणीत बसलेली असते आणि तिचं आतलं टोक चकरीत अडकलेलं. चकरी सरळ वर ओढली की स्प्रिंग सोबत येते आणि मग ती खोलीभर नाचते. चकरी डावी-उजवी जराशी हलवत, बाजूच्या फटीतून पेचकसानं स्प्रिंग खाली दाबून धरत उचला. वर एक बारदाना टाकून त्याच्याखाली हात घालून उचललं तर आणखी बरं. दिसत नाही म्हणून लोकांना आवडत नाही, पण सुटली तरी बारदान्यात सुटते.

स्प्रिंग बाहेर आली की लगेच फेकू नका. ती कुठे तुटली ते बघा, अर्धं उत्तर तिथंच आहे. निदान माझ्या दुकानात आलेल्यांचं असं दिसतं: आतल्या आकड्यापाशी तुटली असेल तर दोरी शेवटपर्यंत ताणून ओढली जाते. दोरी पूर्ण बाहेर आली की सगळी पट्टी चकरीच्या मधल्या भागावर आवळली जाते, आणि सगळ्यात छोटा वळसा आतल्या टोकाला असतो, म्हणून तोच आधी दमतो. आकडा तुटला नाही पण सरळ झाला असेल तर मूठ हातातून सोडली जाते किंवा इंजिन उलटा झटका देतं. मधेच कुठेतरी तुटली आणि पट्टीवर तांबडे खड्डे असतील तर गंज. तुटलेल्या कडेकडे उजेडात पाहा. कडेचा एक भाग काळपट-तांबडा आणि उरलेला चकचकीत राखाडी असेल तर भेग जुनी होती, स्प्रिंग बऱ्याच दिवसांपासून जायच्या वाटेवर होती. सगळी कड चकचकीत असेल तर ती एका दणक्यात गेली, आणि तो दणका कोणता होता हे मशीनवाल्याला विचारायलाच पाहिजे.

गंजाचं आणि मातीचं कारण आपल्याकडे वेगळं समजून घ्यावं लागतं. या झाकणाला ज्या फटी असतात त्या शोभेच्या नाहीत. मॅग्नेटच्या चाकाला पंख्याची पाती असतात आणि इंजिन थंड करणारी सगळी हवा या फटींतून आत ओढली जाते. म्हणजे वीडर जेवढी धूळ उडवतो त्यातली बरीचशी रिकॉइलमधून जाते. काळी भारी माती वाळली की पिठासारखी बारीक होते, ग्रीसला चिकटते, आणि वर पाणी पडलं की लाप्पी, म्हणजे चिकट चिखल. त्यात काही जण संध्याकाळी वावरातून आल्यावर मोटरपंपाचा पाइप लावून अख्खं मशीन धुतात. बाहेरून मशीन चकाचक, आत स्प्रिंग आठ दिवस ओली. धुवा, पण झाकणाच्या तोंडावर पाण्याची धार मारू नका. तिथे ब्रश आणि फडकं पुरतं. फटीत पालापाचोळा अडकला असेल तर तो काढाच, नाहीतर स्प्रिंगसोबत इंजिनही गरम होऊन जाईल.

आकडा तुटला असेल आणि नवी स्प्रिंग त्या दिवशी मिळणार नसेल तर जुनीचं टोक पुन्हा वळवता येतं. थंड पट्टी पक्कडीनं वळवायला जाल तर काचेसारखी तुटेल, कारण ते कडक पाणी दिलेलं पोलाद आहे. शेवटचं दोन सेंटिमीटरच गॅसच्या ज्योतीवर लाल होऊ द्या. मागचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळा, म्हणजे उष्णता पुढे सरकणार नाही. लाल झाल्यावर पाण्यात बुडवू नका. आपोआप थंड होऊ द्या. मग टोक मऊ पडतं आणि नोज प्लायरनं जुन्या आकड्यासारखा आकडा वळतो. घाईघाईनं अर्धी पट्टी तापवली तर तेवढा भाग कायमचा मेला, त्यात ताण धरण्याची ताकद उरत नाही. असं एकदा, फार तर दोनदा करता येतं, कारण दरवेळी पट्टी आखूड होते. मधेच तुटलेल्या स्प्रिंगला हा इलाज नाही. वेल्डिंग करून आणतात लोक, मी हात लावत नाही.

झाकण, चकरी, खोबणी रॉकेलनं किंवा डिझेलनं धुऊन सुकवा. पेट्रोल वापरू नका, बंद खोलीत तर मुळीच नको.

नवी स्प्रिंग तारेच्या कड्यात किंवा क्लिपमध्ये दाबून येते. ते कडं काढायचं नाही. बाहेरचा आकडा झाकणाच्या खाचेत बसवा, स्प्रिंग कड्यासकट खोबणीवर ठेवा आणि बोटांनी सगळीकडून सारखं दाबत खाली सरकवा. कडं वर राहतं आणि स्प्रिंग जागेवर बसते. घाईघाईत ज्यांनी कडं आधीच कापलं, किंवा ज्यांना जुनी बसवायची आहे, त्यांना हातानं गुंडाळावी लागते: बाहेरचा आकडा खाचेत, तिथून आतल्या बाजूला एकेक वेटोळं, डाव्या हाताचा अंगठा कायम वेटोळ्यांवर दाबलेला. दुसरा माणूस झाकण धरायला घ्या. एकट्यानं करायला गेलात तर चार वेटोळी झाल्यावर हात घामेजतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दिशा चुकू नका. दोरी ओढल्यावर चकरी ज्या दिशेनं फिरते त्या दिशेनं स्प्रिंग आवळली गेली पाहिजे. खोलण्याआधी काढलेला फोटो इथे कामी येतो.

ग्रीस? नखावर मावेल एवढं, पट्टीवर पातळ हात फिरवल्यासारखं. जळालेलं ऑइल ओतणारे खूप आहेत. आमच्याकडच्या धुळीत ऑइल म्हणजे लाप्पीचं आमंत्रण.

मग दोरी. इथे बरेच जण दुकानातली मिळेल ती घालतात. गुरांच्या दाव्याची प्लॅस्टिकची दोरी तर अजिबात नको, घासून तापते आणि वितळते. विणलेली नायलॉनची दोरी घ्या, जुन्याच जाडीची, साधारण या इंजिनांना चार-पाच मिलिमीटर. एक मिलिमीटर जाड घेतली तरी चकरीत तेवढे वळसे मावत नाहीत आणि दोरी कडेला घासते. लांबी जुन्या दोरीएवढी. "थोडी लांब ठेव भाऊ, ओढायला बरी पडते" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. लांब दोरी म्हणजे दोरी संपायच्या आधी स्प्रिंग संपते, आणि मग प्रत्येक झटक्याचा जोर आकड्यावर येतो. टोकं काडीनं जाळून टोकदार करा, गाठ दुहेरी मारा.

पीळ देण्याबद्दल प्रत्येक मिस्त्रीचं मत वेगळं आहे. माझा हिशेब असा: दोरी चकरीवर पूर्ण गुंडाळून, चकरी बसवून, स्प्रिंगमध्ये आतला आकडा अडकला याची खात्री करून, चकरी ओढण्याच्या दिशेनं दोन फेरे फिरवायची आणि मग दोरी भोकातून बाहेर काढून मूठ बांधायची. आता तपासा. मूठ झाकणाला टेकून बसते का? नाही बसली, लोंबली, तर अर्धा-एक फेरा वाढवा. मग दोरी पूर्ण बाहेर ओढून धरा आणि चकरी अंगठ्यानं आणखी पुढे फिरवून पाहा. निदान अर्धा फेरा ती पुढे गेली पाहिजे. गेली नाही तर स्प्रिंग आधीच संपली आहे, पीळ जास्त झाला आहे, एक फेरा कमी करा. हा शेवटचा तपास मी पूर्वी करत नव्हतो. काकांची दुसरी स्प्रिंग मीच जास्त पीळ देऊन बसवली होती असं आता वाटतं. दोरी टणकन आत जात होती, त्यांना बरं वाटलं, मलाही.

झाकण इंजिनावर लावताना तिन्ही बोल्ट आधी ढिले लावा. दोरी हळू ओढा म्हणजे कुत्ते कपाला पकडतील आणि झाकण आपोआप मधोमध येईल. दोरी तशीच ताणून धरून बोल्ट आवळा. हे न केल्यानं चकरी एका बाजूला घासत राहते.

आता टॅपेट. होंडाच्या जीएक्स१६० आणि जीएक्स२०० इंजिनांच्या कॅमशाफ्टवर एक छोटी यंत्रणा असते, डीकम्प्रेशनची. तुम्ही दोरी ओढता तेव्हा ती एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते, म्हणजे सिलिंडरमधली थोडी हवा निघून जाते आणि दोरी हलकी येते. इंजिन वेगात आलं की ती आपोआप बाजूला होते. त्याच धाटणीच्या १६८एफ इंजिनांतही बहुतेक हेच असतं. पण व्हॉल्व्ह जेमतेम उचलायचा असल्यामुळे एक्झॉस्टचा टॅपेट ढिला झाला की ते उचलणं सगळं त्या फटीतच जातं. व्हॉल्व्ह उघडतच नाही. दोरी जड येते, पिस्टन वर येताना अडतो, आणि कधी कधी मूठ हातातून उलटी हिसकली जाते. तो हिसका आकड्यावर आणि कुत्त्यांवर बसतो. लोक म्हणतात इंजिनात कम्प्रेशन जबरदस्त आहे. अरे, ते टॅपेट आहे.

जीएक्स१६० आणि २०० ला इंजिन पूर्ण थंड असताना इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर एवढी फट पाहिजे. फट मोजायच्या फिलर गेजची पट्टी थोडी घासत गेली पाहिजे. वरच्या झाकणाचे चार बोल्ट, पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री, बस. अर्ध्या तासाचं काम आहे आणि रिकॉइलच्या अर्ध्या तक्रारी इथे मिटतात. टॅपेट बरोबर असूनही हिसका येत असेल तर मॅग्नेटचा नट काढून आतली चावी बघा. चावी थोडी कातरली गेली असेल तर मॅग्नेट सरकतो, ठिणगी वेळेआधी पडते आणि इंजिन मागे झटका देतं. तोपर्यंत कितीही स्प्रिंगा बदला.

उरलेलं नेहमीचं आहे, पण नेहमीचंच राहून जातं. मागच्या हंगामातलं पेट्रोल टाकीत ठेवू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून दिलेली असेल तर काही दिवसांत कार्बोरेटरच्या वाटीत गढूळ थर दिसतो. हंगाम संपल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीचा स्क्रू उघडून उरलेलं काढा. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर. थंड इंजिनाला चोक लावा; चोक लावायचा असतो हेच काही घरांत माहीत नसतं, कारण मशीन विकणाऱ्यानं सांगितलेलं नसतं.

आणि ऑइल. यातल्या काही इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. इंजिन सुरू होत नाही, आणि आपण दोरी ओढत बसतो. या आकाराच्या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम ०.६ लिटर, दोनशे मिलिलिटर कमी झालं तरी फरक पडतो. धुऱ्यावर तिरपा उभा केलेला वीडरही याच कारणानं सुरू होत नाही. मागच्या श्रावणात एकजण तासभर दोरी ओढून, स्प्रिंग तोडून माझ्याकडे आला होता. मशीन सपाट जागेवर घेतलं असतं तर निम्मा दिवस वाचला असता. मी असं म्हटलं तर त्यानं सेन्सरची वायरच तोडून टाका म्हटलं. तसं करू नका. ऑइल संपून इंजिन जाम झालं की रिकॉइलचा प्रश्नच उरत नाही.

ओढायची पद्धत एकदा बघून घ्या, घरात जो जो मशीन चालवतो त्याला दाखवा. दोरी आधी हळू ओढा, कुठेतरी अडते. तिथे थांबा, मूठ हातात धरूनच आत जाऊ द्या. मग सरळ, आपल्या दिशेनं, जोरात, पण दोरी दोन-तृतीयांशच्या पुढे नको. इंजिन लागलं तरी मूठ सोडायची नाही, हातानं परत नेऊन ठेवायची. दहा झटक्यांत नाही लागलं तर थांबा आणि पेट्रोल, चोक, ऑइल, प्लग बघा. अकरावा झटका मारून आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

पाठीवरच्या फवारणी पंपाचं थोडं वेगळं. त्यातली चकरी प्लॅस्टिकची, दोरी बारीक, आणि बऱ्याच पंपांत स्प्रिंग एका बंद डबीत येते. ती डबी उघडू नका, डबीच बदला. दोरीचं तोंड ज्या भोकातून येतं तिथलं कडं झिजलेलं असेल तर तेही; नवी दोरी आठ दिवसांत तिथंच कातरली जाते. आणि पंप दुरुस्तीला आणताना टाकी, नळी, नोझल तीनदा धुऊन आणा. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. त्या वर्षापासून औषधाचा वास येणारा पंप मी दुकानाच्या आत घेत नाही, बाहेर नळावर धुवायला लावतो. गिऱ्हाईक नाराज होतात, होऊ द्या. खरडलेल्या बोटांनी ते औषध हाताळायचं माझं धाडस नाही.

काकांच्या मशीनचा जेट मी साफ केला, टॅपेट सेट केला, तिसरी स्प्रिंग दोन फेरे पीळ देऊन बसवली. दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं. काकांचा विश्वास बसेना. जाताना त्यांनी चौथ्या स्प्रिंगचे पैसे आगाऊ देऊन ठेवले, "तुटनच ते, मले माहीत हाय." त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून ती स्प्रिंग मी खिळ्याला टांगली. दोन पोळे झाले. काका कधी बाजाराला आले की बाहेरूनच मान आत घालून खिळ्याकडे बघतात आणि विचारतात, "हाय ना माही?"